कूस, त्वचा आणि नळी : केईएममधल्या बेचाळीस वर्षांच्या शुश्रूषेचा अभ्यास

२४ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या तीन डॉक्टरांना परळच्या केईएम रुग्णालयात जाऊन एका रुग्णाला तपासायला सांगितलं. टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीलेश शहा हे ते तिघे. रुग्ण होत्या अरुणा शानबाग, ३७ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. अहवालात नाडी मिनिटाला ८०, श्वास मिनिटाला १५, ताप नाही, हातापायांचे सांधे आखडलेले, अशा नोंदी आहेत. आणि अंगावर एकही बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, नाही, अशीही.

अरुणांचं अन्न थांबवावं, त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, म्हणून केलेल्या याचिकेत वर्णन वेगळं होतं. शरीर म्हणजे हाडांवर ताणलेली कातडी, कधीही बेडसोर होतील अशी अवस्था, असं त्यात लिहिलं होतं. रुग्णालयाचं प्रतिज्ञापत्र त्याच्याशी जुळेना, म्हणून तर तिघांना पाठवलं. तपासणीत परिचारिकांची बाजू आधी त्वचेवर दिसली, कागदावर नंतर.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण इच्छामरणाचं म्हणून शिकवतात. इथे ते शुश्रूषेचं प्रकरण म्हणून वाचायचं आहे, कारण ‘रुग्णाची काळजी’ या शब्दाचे धार्मिक आणि निधर्मी अर्थ कुठपर्यंत हातात हात घालून चालतात आणि नेमके कुठे वेगळे होतात, हे यात स्वच्छ दिसतं. कूस बदलताना देव मानणारी आणि न मानणारी परिचारिका एकच काम करते. अन्नासाठी नाकातून पोटात घातलेल्या नळीपाशी मात्र दोघींच्या वाटा फुटतात.

रुग्ण आणि वॉर्ड

अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, केईएममध्येच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या बेशुद्ध सापडल्या. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला होता. मस्तिष्कस्तंभाला आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. मेंदू मृत झाला नाही, कायमची बेशुद्धीही नव्हती. डोळे उघडे, श्वास स्वतःचा, झोप-जाग चालू. पण भोवतालची जाणीव आहे असं खात्रीने म्हणता येईना.

हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला: अरुणाची नीट काळजी घ्या आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारा. या शुश्रूषेची सुरुवात इथे आहे. ती भक्तीतून नाही, कामगार म्हणून एकमेकींच्या पाठीशी उभं राहण्यातून झाली. ‘ती आमच्यातली’ ही भावना आधीची. ‘सेवा’ हा शब्द तिच्यावर नंतर चढला. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्नही झाले आणि परिचारिकांच्या विरोधामुळे बारगळले. वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत परिचारिकांच्या पिढ्या बदलत गेल्या. २०११ मध्ये त्यांची काळजी घेणाऱ्यांतल्या कित्येकींनी त्यांना चालताबोलताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्वचेचा हिशेब

बेडसोर दाबाने होतो. हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यात त्वचा चेपली की केशवाहिन्या मिटतात. तासन्‌तास तसंच राहिलं तर आतली पेशी मरते. जखम आधी हाडाजवळ, खोलवर होते. वर दिसते ती शेवटी. त्रिकास्थी (कमरेखालचं, पाठीच्या कण्याच्या टोकाचं हाड), नितंबाची हाडं, मांडीचा बाहेरचा उंचवटा, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा प्रत्येक पाळीत बोट लावून पाहायच्या. लाल जागा बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर पहिला टप्पा सुरू झालाय. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. तिथे ऊब, कडकपणा किंवा पिठासारखा मऊपणा हाताला जाणवतो, आणि तो बाजूच्या त्वचेशी ताडूनच कळतो.

रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. सरळ ९० अंशांवर कुशीला झोपवलं तर सगळा भार मांडीच्या उंचवट्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल पुरतो. पोटरीखाली उशी घालून टाच हवेत ठेवायची. टाचेखालीच उशी ठेवणं ही रोजची चूक. आखडलेले गुडघे एकमेकांना घासतात, तिथे मध्ये उशी. मूठ वळलेली असेल तर तळहातात कापडाची गुंडाळी, रोज मूठ हळूच उघडून बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या करणं, आणि नखं आखूड ठेवणं, नाहीतर ती तळव्यात रुततात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. दोघींनी ड्रॉशीट, म्हणजे रुग्णाखाली आडवी घातलेली चादर, धरून उचलायचं. ओढल्याने वरची त्वचा जागेवर राहते आणि आतली हाडाबरोबर सरकते, रक्तवाहिन्या तुटतात, आणि चार दिवसांनी ‘अचानक’ जखम दिसते.

स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि पावडर टाकायची, ही जुन्या वॉर्डातली पाठीची निगा. स्पिरिट त्वचा कोरडी करतं, पावडर घामात गोळे धरते, आणि लाल झालेल्या हाडावर चोळणं म्हणजे आधीच गुदमरलेल्या पेशींवर आणखी घर्षण. आता कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करणं आणि ओल्या जागी झिंकचं मलम, चोळणं बंद.

याचा वेळ मोजून पाहू. दिवसात १२ वेळा कूस, प्रत्येक वेळी दोघी, दहा-दहा मिनिटं: चार तासांचं श्रम. आंघोळ, कपडे, चादर यांना पाऊण तास दोघींनी. तोंडाची निगा सहा वेळा पाच मिनिटं. भरवायला प्रत्येक वेळी वीस मिनिटं धरली तर आणखी दोन-अडीच तास. बेरीज आठ तासांच्या घरात जाते. एका रुग्णामागे एका परिचारिकेची एक पूर्ण पाळी, रोज. दर दोन तासांच्या हिशेबाने वर्षाला ४,३८० वेळा आणि ३७ वर्षांत दीड लाखाहून जास्त वेळा कूस होते. महापालिकेच्या गजबजलेल्या रुग्णालयात हा वेळ कुठल्याही वेगळ्या शीर्षकाखाली मंजूर होत नाही. तो शेजारच्या खाटांच्या वेळेतून, जेवणाच्या सुट्टीतून आणि ड्युटी संपल्यावरच्या अर्ध्या तासातून निघतो.

सेवा, शुश्रूषा, सिस्टर

हा वेळ कुठून आला, याचं उत्तर बहुतेकांनी ‘सेवाभाव’ असं दिलं. सेवा म्हणजे नेम: फळ मिळो न मिळो, रोज करायचंच. बऱ्या न होणाऱ्या रुग्णासाठी या अर्थाला खरा उपयोग आहे. निधर्मी नर्सिंगची भाषा ध्येय आणि परिणामांची. रुग्ण सुधारत नसेल तर तिचा तक्ता रिकामा राहतो. नेमाला सुधारणा लागत नाही. सदतीस वर्षांत एकदाही ‘काय उपयोग?’ म्हणून कूस चुकवली गेली नसेल, तर त्यात नेमाचा वाटा मोठा आहे, आणि तो मान्य करायला कोणाही नास्तिकाला अडचण असू नये.

पण परंपरेतलाच जुना मजकूर नीट पाहिला तर तिथे भक्ती पहिली नाही. चरकाने उपचाराचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आधी काम येणं, मग हात चपळ असणं, माया तिसरी. ती वगळलेली नाही, पण ज्ञानाच्या जागी बसवलेलीही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला १८३७ मध्ये ईश्वराची हाक ऐकू आल्याची तिची स्वतःची नोंद आहे. १८५१ मध्ये ती जर्मनीतल्या कैसरवर्थच्या प्रोटेस्टंट धर्मसेविकांकडे शिकली. तरी १८५९ च्या आपल्या टिपणांत तिने बेडसोरचा दोष आजारापेक्षा बहुधा शुश्रूषेकडे जातो असंच लिहिलं. श्रद्धा तिला कामावर घेऊन आली. कामाची परीक्षा तिने श्रद्धेवर सोडली नाही.

‘सिस्टर’ हा शब्द युरोपातल्या धर्मभगिनींच्या मठांतून वॉर्डात आला आणि इथे हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती अशा सगळ्या परिचारिकांना लागू झाला. तिच्याबरोबर ‘मावशी’ आणि ‘ब्रदर’ही आले. हाकच नात्याची, म्हणून पगार, पाळ्या आणि पदोन्नती मागताना ती जड जाते. ‘सेवा करताय ना, मग संप कसला?’ हा प्रश्न प्रत्येक आंदोलनात येतो. १९७३ च्या परिचारिकांनी रुग्णाची काळजी आणि स्वतःच्या मागण्या एकत्रच मांडल्या होत्या, हे अशा वेळी सांगण्याजोगं आहे.

‘शुश्रूषा’ या शब्दाचा धातू श्रु, ऐकणे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. या प्रकरणाची सगळी अडचण त्या मूळ अर्थात आहे. ज्यांचं ऐकायचं, त्यांना बोलता येत नव्हतं.

सप्टेंबर २०१०

तोवर अरुणा शानबाग तोंडाने जेवत होत्या. मऊ करून कालवलेलं अन्न, सूप, मासे. गिळणं अधू असलेल्या रुग्णाला भरवताना पाठ शक्य तितकी सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, चमचा अर्धाच, आणि गळ्याची घाटी हलल्याचं दिसेपर्यंत दुसरा घास नाही. खोकला, डोळ्यांत पाणी किंवा आवाजात घरघर आली की थांबायचं. घाई करणाऱ्या हातांत हे जमत नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये त्यांना मलेरिया झाला, खाणं घटलं आणि राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातली गेली. वॉर्डात ही रोजची गोष्ट आहे, म्हणून तिच्यातला निर्णय कोणाला दिसत नाही. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून नळी घालायची. जागा तपासायला ओढून घेतलेल्या द्रवाचा सामू (pH) ५.५ किंवा त्याहून कमी हवा. आम्लविरोधी औषध चालू असेल तर तो खोटा जास्त येतो, मग एक्स-रे. हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्यावर विसंबू नये. नळी फुफ्फुसात असतानाही ती ऐकू येते. फीडच्या वेळी डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतरही निदान अर्धा तास. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. घरगुती फीड दोनदा गाळलं नाही तर नळी तुंबते. नळीने जेवणाऱ्याच्या तोंडाकडे दुर्लक्ष होतं, ही त्यातली सर्वांत महागडी चूक: लाळ कमी, जंतू जास्त, तीच लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो.

चमच्याने भरवणं थांबवावं असं कुठलीही परंपरा सहसा म्हणत नाही, निधर्मी नीतीही नाही. नळीचं तसं नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये टोनी ब्लँड या जाणीव हरपलेल्या तरुणाच्या प्रकरणात नळीने दिलेलं अन्न हा वैद्यकीय उपचार मानला, म्हणजे फायदा नसेल तर तो थांबवता येतो. याउलट पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये अशा रुग्णांचं अन्नपाणी, नळीने दिलं तरी, उपचार नसून साधी निगा आहे असं म्हटलं, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनने त्याला दुजोरा दिला. भुकेल्याला अन्न ही हिंदू घरातली शिकवणही त्याच बाजूला झुकते. केईएमच्या परिचारिकांना नळी काढणं म्हणजे उपाशी मारणं वाटलं, त्याचं मूळ इथे आहे.

मात्र धर्म एकाच बाजूला उभा आहे असं समजणं चूक. जैनांची सल्लेखना, म्हणजे मरणापर्यंतचा उपवास, आहे. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. आपल्या परंपरेत अन्नत्यागाला मान आहे, पण तो स्वतःच्या संकल्पाने केलेला असेल तर. दुसऱ्याने अन्न काढून घेणं त्यात बसत नाही. गंमत म्हणजे निधर्मी नीतीही शेवटी तोच प्रश्न विचारते: रुग्णाची इच्छा काय होती? अरुणा शानबाग यांची इच्छा कुठेच नोंदलेली नव्हती. सव्वीशीच्या आतबाहेरच्या परिचारिकेने ती नोंदवावी, असा तो काळही नव्हता.

कोण बोलणार

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांची ‘नेक्स्ट फ्रेंड’, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारी व्यक्ती, म्हणून याचिका केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी ते नातं केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे दिलं: रात्रंदिवस जे काळजी घेतात तेच खरे जवळचे. परिचारिकांनी न्यायालयाला त्या आम्हाला घरच्या लहान मुलासारख्या आहेत असं सांगितलं होतं. याचिका फेटाळली गेली. उपचार थांबवण्याची वाट मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उघडली. केईएमचं मत पुढे बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं, असंही निकालात लिहिलं आहे.

इथे आमचं मत स्पष्ट आहे. काळजी घेणाऱ्याला बोलण्याचा हक्क देणं योग्य होतं. पण काळजी घेतल्याने रुग्णाची इच्छा कळते, हे त्यातून सिद्ध होत नाही. लहान मुलाची उपमा मायेने दिलेली असली तरी तिच्यात एक प्रौढ, शिकलेली, कमावती बाई नाहीशी होते. सेवेच्या धार्मिक अर्थातली ही जोखीम आहे: सेवा घेणाऱ्याचं ‘नको’ तिला ऐकू येत नाही, कारण नेम तर सेवेकऱ्याचा असतो. निधर्मी बाजूची जोखीम उलट आहे. जाणीव नाही म्हणजे व्यक्ती नाही, इथे ती फार लवकर पोहोचते, आणि मग कूस बदलणारे हात ढिले पडतात.

रुग्ण मासे पाहून खुलतात, खोलीत गर्दी झाली की ओरडतात, असं कर्मचारी सांगत. तज्ज्ञांनी आवाज आणि हालचाली नोंदवल्या, मेंदूचे प्राथमिक मार्ग शाबूत असल्याचं म्हटलं, पण जाणीव असल्याचा निश्चित पुरावा दिसला नाही असं लिहिलं. दोघंही खरं सांगत असू शकतात. एका-दोन भेटींत न दिसणारं वर्षभरात दिसू शकतं. आणि वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला हवं ते दिसू शकतं. म्हणून अशा रुग्णाची जाणीव ठरलेल्या पट्टीवर मोजतात. कोमा रिकव्हरी स्केलची सुधारित आवृत्ती यासाठी वापरतात: सहा भाग, २३ गुण, आणि एकदाच न करता थोड्या दिवसांत निदान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी. नजर फिरते का हे पाहायला बोट न वापरता आरसा वापरतात, कारण स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जास्त जाते. परिचारिकेच्या निरीक्षणाला वजन येतं ते अशा नोंदीने: काय केलं, किती सेकंदांत काय झालं, तेच पुन्हा केल्यावर झालं का, दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरलाही दिसलं का. ‘आज खुश होती’ एवढंच लिहिलं तर निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे ते टिकत नाही, मग ते खरं असलं तरी.

नंतरचा कायदा आणि रिकामी खुर्ची

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जिवंतपणीच्या इच्छापत्राला, म्हणजे पुढे कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रक्रिया सोपी केली. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. रुग्णालयात आधी प्राथमिक मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, कुटुंबाची संमती घ्यायची आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. दोन्ही मंडळांत परिचारिकेला जागा नाही. ज्या प्रकरणाने हा सगळा कायदा सुरू झाला, त्यात न्यायालयाने परिचारिकांचा शब्द प्रमाण मानला होता. सात वर्षांनी घडलेल्या व्यवस्थेत त्यांची खुर्चीच नाही. ही उणीव वॉर्डाच्या पातळीवर अंशतः भरून काढता येते. मंडळापुढे जाणाऱ्या फाइलमध्ये किमान दोन आठवड्यांचा नर्सिंग सारांश जोडावा: वेदनेची लक्षणं, फीड किती टिकतं, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) किती वेळा, प्रतिसादांची नोंद आणि नातेवाईक काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत. ‘देवावर सोपवलंय’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ लगेच विचारून लिहावा. कोणासाठी त्याचा अर्थ ‘सगळं करा’ असतो, कोणासाठी ‘आता नळ्या नकोत’.

नळी थांबवण्याचा निर्णय झाला तरी वर लिहिलेल्या कामांतलं एकही कमी होत नाही. कूस, तोंड, ओठ, डोळे, वेदनेचं औषध, खोलीतला आवाज, सगळं तसंच. अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसनने १९६० च्या दशकात नर्सिंगची व्याख्या करताना आरोग्य, बरं होणं आणि शांत मृत्यू हे तिन्ही एकाच वाक्यात ठेवले. एखाद्या परिचारिकेची श्रद्धा तिला नळी काढू देत नसेल तर तिला त्या एका कृतीतून मोकळं करावं, दुसरीला नेमावं, आणि हे आधी ठरवावं. ऐन वेळी रुग्णाच्या खाटेशी नाही.

केईएममध्ये हा प्रश्न २०११ नंतर उच्च न्यायालयात गेला नाही. कर्मचाऱ्यांचं मत बदललं नाही, आणि ते बदललं का हे ठरावीक काळाने विचारण्याची व्यवस्था निकालात नव्हती. दर सहा महिन्यांनी लेखी आढावा, वॉर्डाबाहेरच्या एका व्यक्तीसह, एवढं कलम त्यात असतं तर परिचारिकांवरचा भारही वाटला गेला असता. १८ मे २०१५ रोजी अरुणा शानबाग न्यूमोनियाने गेल्या, केईएममध्येच. त्या दिवशी अंत्ययात्रेत घरचे म्हणून ज्या चालल्या, त्यांत वॉर्डातल्या सिस्टर होत्या.